डावीकडे थंडी, उजवीकडे घाम: जुन्या ई२२० च्या सेमी-ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलचं एक प्रकरण

गाडी मर्सिडीज ई२२०, १९९६ ची, म्हणजे डब्ल्यू१२४ बॉडी. मर्सिडीजने १९९५ ला पुण्यात टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली ती याच मॉडेलने, त्यामुळे पुणे-पिंपरी भागात या गाड्या अजूनही अधूनमधून दिसतात आणि त्या सांभाळणारी हौशी मंडळीही आहेत. ही गाडी ओळखीतल्या एका काकांची, रिटायर्ड माणूस, गाडी स्वच्छ, इंजिन गुळगुळीत, पेपर क्लिअर, तक्रार एकच: "अरे, एसी चालतो पण माझ्या बाजूला चालत नाही, ही शेजारी बसून शाल घेते आणि मी रुमाल घेऊन बसतो."

मी बघेपर्यंत गाडीची बरीच वारी झाली होती. एका गॅरेजने गॅस कमी आहे म्हणून भरला. थोडे दिवस बरं वाटलं (एप्रिलमध्ये एकदा वळीव झाला की कुठल्याही एसीला बरं वाटतं), मग परत तेच. दुसऱ्याने कंडेन्सर (गॅस निववणारी पुढची जाळी) धुतला आणि परत थोडा गॅस मारला, तर आता ट्रॅफिकमध्ये अजूनच वाईट. तिसऱ्याने कॉम्प्रेसर वीक आहे सांगून कोटेशन हातात दिलं, आणि ते बघून काका माझ्याकडे आले. यात कुणी फसवत होतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे एसी म्हणजे गॅस हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की गाडी थंड होत नाही म्हटलं की हात आपोआप गॅसच्या सिलिंडरकडे जातो, आणि नव्वद टक्के गाड्यांमध्ये ते खपूनही जातं. या गाडीत खपत नाही, कारण हिची रचनाच वेगळी आहे.

ती रचना आधी नीट बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्या नेहमीच्या गाड्यांमध्ये, म्हणजे मारुती, होंडा, ह्युंदाई वगैरे, डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. ती हवा एकतर हीटरमधून पाठवते किंवा हीटरला वळसा घालून. नॉब थंडकडे फिरवला की झडप हीटरचा रस्ता बंद करते, मग हीटरमध्ये गरम पाणी असलं तरी फरक पडत नाही. डब्ल्यू१२४ मध्ये तापमानासाठी अशी झडपच नाही. कूलिंग कॉइलवरून आलेली थंड हवा पुढे हीटर कॉइलमधून जाते, आणि तापमान ठरतं ते हीटरमध्ये इंजिनचं गरम पाणी किती सोडलं यावर. पाणी बंद तर हवा थंडच्या थंड, थोडं सोडलं तर कोमट, पूर्ण सोडलं तर हीटर. म्हणजे गाडी हवा आधी गार करते आणि मग हवी तेवढी परत तापवते. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण जुलैमध्ये ताम्हिणी घाटात काच आतून धुरकट झाली की हाच प्रकार कामाला येतो, कारण कूलिंग कॉइल हवेतला दमटपणा काढून टाकते आणि हीटर तीच कोरडी हवा उबदार करून काचेवर मारतो.

आता सेमी-ऑटोमॅटिक कशासाठी म्हणायचं? मर्सिडीज या प्रकाराला टेम्पमॅटिक म्हणते. फॅनचा स्पीड तुम्ही ठरवायचा, हवा पायावर की काचेवर तेही तुम्हीच, फक्त तापमान गाडी सांभाळते. त्यासाठी डॅशबोर्डवर डावी-उजवी अशी बोटाने फिरवायची दोन वेगळी चाकं आहेत. तुम्ही चाक एका जागी ठेवलं की आतला कंट्रोलर केबिनचं तापमान बघतो, हीटरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान बघतो आणि त्याप्रमाणे पाण्याचा व्हॉल्व्ह उघड-बंद करत राहतो. हा व्हॉल्व्ह म्हणजे ड्युओव्हॉल्व्ह, एकाच बॉडीत दोन सोलेनॉइड (करंट मिळाला की आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढणाऱ्या कॉइल), एक डाव्या बाजूच्या पाण्याचा, एक उजव्या. तो अर्धामुर्धा उघडत नाही, एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, आणि किती वेळ उघडा किती वेळ बंद यावरून सरासरी जमते. शांत जागी बॉनेट उघडून कान दिला तर त्याची टिकटिक ऐकू येते.

आणि आता मुख्य गोष्ट. हा व्हॉल्व्ह करंट मिळाला की बंद होतो. करंट गेला की स्प्रिंगने उघडतो. म्हणजे फ्यूज उडाला, वायर तुटली, प्लग निघाला, व्हॉल्व्हची कॉइल जळली, रबर फाटलं, काहीही झालं तरी निकाल एकच: हीटर फुल चालू. जर्मनीच्या हिशोबाने हे एकदम बरोबर आहे, तिथे उणे दहामध्ये हीटर बंद पडला तर काचेवर बर्फ धरतो आणि समोरचं दिसत नाही, त्यामुळे बिघाड झालाच तर गरमच्या बाजूला झाला पाहिजे असं डिझायनरने ठरवलं. पुण्याच्या एप्रिलमध्ये मात्र हीच सुरक्षितता डोक्याला ताप होते. अंघोळीच्या बादलीत गार पाणी धो-धो सोडलंय आणि शेजारचा गिझरचा नळ पूर्ण बंद होत नाहीये, अशी एसीची अवस्था. तुम्ही गार पाण्याचा कितीही जोर वाढवा.

म्हणून या गाडीत "एसी थंड करत नाही" ही तक्रार आली की माझा पहिला प्रश्न "हीटर बंद होतोय का?" हाच असतो, गॅसचा नंबर त्यानंतर.

तर काकांची गाडी. बाहेर ३८ डिग्री, इंजिन पूर्ण गरम, दोन्ही चाकं निळ्या म्हणजे थंडच्या टोकाला, फॅन मधल्या स्पीडवर. दोन्ही टोकांच्या व्हेंटमध्ये साधा स्वयंपाकघरातला दांडीवाला थर्मामीटर खुपसला. डावीकडे दहाच्या आसपास, उजवीकडे सव्वीस-सत्तावीस. एकच कॉम्प्रेसर, एकच कूलिंग कॉइल, आणि दोन बाजूंत इतका फरक.

इथे मोह होतो म्हणायचा की गॅसला डावं-उजवं कळत नाही, म्हणजे गॅसचा प्रश्नच नाही. बहुतेक वेळा खरं असतं ते, पण पूर्ण नाही. गॅस बराच कमी असेल तर कूलिंग कॉइल सगळीकडे सारखी गार होत नाही, गॅस जिथून आत शिरतो तो भाग गार आणि पलीकडचा कोमट, आणि मग दोन बाजूंच्या व्हेंटमध्ये फरक दिसू शकतो. त्यामुळे नुसत्या फरकावरून निकाल द्यायचा नाही. निकाल देणारी टेस्ट वेगळी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

बॉनेट उघडायचं, हीटरला जाणाऱ्या रबरी पायपांचा माग काढत ड्युओव्हॉल्व्ह शोधायचा. तिथून डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे पाइप निघतात. चाकं थंडच्या टोकाला असताना दोन्ही बाजूंचं पाणी थांबलेलं असायला पाहिजे, म्हणजे थोड्या वेळाने दोन्ही पाइप हाताला निवायला पाहिजेत. काकांच्या गाडीत डावा पाइप कोमट होता, बोट ठेवता येत होतं. उजव्याला बोट लावलं आणि लगेच काढलं. मग उजवा पाइप मऊ जबड्याच्या क्लॅम्पने हळूच दाबून बंद केला (पक्कड अजिबात नको, पंचवीस-तीस वर्षांचं रबर आहे, चिरलं तर उकळतं कूलंट थेट हातावर) आणि आत जाऊन बसलो. काही मिनिटांत उजवा व्हेंट उतरायला लागला आणि डाव्याच्या जवळपास येऊन थांबला. काका म्हणाले, "झालं की मग, असंच राहू दे." नाही काका, असं नाही राहू द्यायचं, त्यावर पुढे येतो.

एवढ्याने एक गोष्ट पक्की झाली: कूलिंगची बाजू काम करतेय, हीटरचं पाणी उजवीकडे थांबत नाहीये. म्हणजे कॉम्प्रेसरचं कोटेशन कचऱ्यात. आता प्रश्न उरला की व्हॉल्व्हला बंद हो असा हुकूमच येत नाहीये, की हुकूम येतोय पण व्हॉल्व्ह ऐकत नाहीये.

हे वेगळं करायला मल्टिमीटर पुरतो. इग्निशन ऑन, चाकं निळ्या टोकाला, ड्युओव्हॉल्व्हच्या प्लगला मागून पिना लावून दोन्ही कॉइलवरचा व्होल्टेज बघितला. टोकाच्या पोझिशनला टिकटिक नसते, कंट्रोलर सतत करंट देतो, त्यामुळे रीडिंग स्थिर मिळतं. दोन्हीकडे बॅटरीइतका व्होल्टेज होता. एका बाजूला आला नसता तर शोध कंट्रोल पॅनेलकडे गेला असता, तिथे जुन्या सोल्डरला बारीक तडे जातात आणि पॅनेलवर बोटाने टकटक केलं की एसीचा मूड बदलतो, तशा केसेसही असतात. दोन्हीकडे नसता आला तर आधी फ्यूज. इथे दोन्ही ठीक. मग इग्निशन बंद करून, प्लग काढून दोन्ही कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. इथे आकडा पाठ असायची गरज नाही, दोन जुळ्या बहिणी शेजारी बसल्यात, एकीची दुसरीशी तुलना करायची. जवळपास सारखा निघाला. म्हणजे कॉइल जळलेली नाही. शेवटी प्रत्येक कॉइलला वेगळे बारा व्होल्ट देऊन बघितलं: डावीकडे खणखणीत टक, उजवीकडे काहीच नाही, फार तर एक दबका हुंकार. हुकूम पोचतोय, कॉइल ओढतेय, पण आतला प्लंजर हलत नाही.

गाडी रात्रभर गार होऊ दिली, मग व्हॉल्व्ह खोलला. गरम गाडीवर हे करायचं नाही, सिस्टिममध्ये प्रेशर असतं. उजव्या बाजूचं रबर कडेने फाटलेलं आणि फुगलेलं, आणि बसायच्या जागेवर पांढरट-तपकिरी क्षाराचा थर, नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. डाव्या बाजूलाही थोडा थर होता, ती बाजू अजून चालत होती इतकंच. हा थर आला कुठून? बोअरच्या पाण्यातून. गाडीत कूलंट कमी झालं की पेट्रोल पंपावर, धाब्यावर, सोसायटीच्या नळाला, जे मिळेल ते पाणी ओतायचं ही आपली जुनी सवय, आणि अर्ध्या महाराष्ट्राचं बोअरचं पाणी इतकं जड की आठवड्यात बादलीला पांढरा रेघोटा धरतो. रेडिएटरमध्ये तो थर लगेच दिसत नाही, पण दोन-चार मिलीमीटरच्या हालचालीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला तो पुरतो.

अख्खा नवा ड्युओव्हॉल्व्ह महाग पडतो. आतले रबर आणि प्लंजर असलेला रिपेअर किट मिळतो आणि बॉडी शाबूत असेल तर तेवढ्यावर भागतं. बॉडी साफ करून, दोन्ही बाजूंचे आतले भाग बदलून (एकाच बाजूचे बदलायचा कंजूषपणा करू नका, दुसरी बाजू पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला परत तिथेच आणेल) परत बसवला. सगळं कूलंट काढून सिस्टिम साफ पाण्याने धुतली, तेही डिस्टिल्ड, आणि योग्य ग्रेडचं कूलंट निम्मं-निम्मं डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलं. भरताना दोन्ही चाकं गरमच्या टोकाला ठेवली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हीटरमध्ये हवा अडकत नाही. हे विसरलं की मग हीटरमधून गुळगुळ आवाज येतो आणि लोक परत गॅरेज गाठतात.

आता गॅस. तो शेवटी का? कारण आधीच्या भराभरीत किती गेलाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि हीटरचं पाणी थांबत नसताना प्रेशर गेजवरच्या आकड्यांचा आणि व्हेंटच्या गारव्याचा मेळ बसत नाही. गेज लावले तर हाय साइड (कॉम्प्रेसर ढकलतो त्या बाजूचं प्रेशर) त्या दिवसाच्या तापमानाच्या मानाने बरीच वर होती, म्हणजे गॅस जास्त. जास्त गॅसने कंडेन्सरमध्ये द्रवच साचून राहतो, गॅसला निवायला जागा कमी पडते, प्रेशर चढतं, गाडी उभी असताना तर आणखी चढतं, आणि म्हणूनच दुसऱ्यांदा गॅस मारल्यावर ट्रॅफिकमध्ये त्रास वाढला होता. सगळा गॅस मशीनने काढून घेतला, व्हॅक्यूम मारून थोडा वेळ धरून ठेवला (सुई हलली नाही, म्हणजे मोठी लीक नाही, म्हणजे पहिल्यांदा गॅस कमी होता हेही बहुतेक खरं नव्हतं) आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय त्या वजनाने आर-१३४ए हा गॅस भरला. वजनाने, अंदाजाने नाही. एसीवाला एसीच्या लाइनवरच्या छोट्या काचेतून बुडबुडे बघून भरतो म्हणाला तर दुसरा एसीवाला शोधा.

परत थर्मामीटर. दोन्ही बाजू एकमेकींपासून एक-दोन डिग्रीत. काका खूश, मी पण.

मग काकूंचा फोन आला.

"आता दोन्हीकडून थंडी वाजते रे, चाक मधे ठेवलं तरी काही फरक पडत नाही." ही तक्रार बऱ्याच लोकांनी हसण्यावारी नेली असती, आपल्याकडे एसी फार थंड करतोय ही तक्रार मानतात कुठे. पण सेमी-ऑटोमॅटिकचा खरा अर्थच तो आहे, चाक मधे ठेवलं की केबिन एका तापमानाला येऊन थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर ऑटो हा भाग मेलाय आणि फक्त एसी जिवंत आहे.

केबिनचं तापमान मोजणारा सेन्सर छतातल्या दिव्याजवळच्या बारीक जाळीमागे असतो. नुसता तिथे ठेवला तर त्याला छताचं तापमान कळेल, केबिनचं नाही, म्हणून एक छोटा पंखा त्याच्यावरून केबिनमधली हवा सतत खेचत राहतो. तो पंखा बंद पडला की सेन्सरभोवती तापलेल्या पत्र्याखालची शिळी हवा साचते. सेन्सर एनटीसी जातीचा, म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो, पंचविशीला दहा किलोओहमच्या आसपास आणि पंचेचाळीसला त्याच्या निम्म्याहून कमी. कंट्रोलर बिचारा तेवढंच बघतो, म्हणतो केबिन अजून भट्टीसारखी आहे, आणि व्हॉल्व्ह बंदच ठेवतो. खाली काकू शाल शोधतायत आणि वरचा सेन्सर उन्हात बसलाय.

टेस्ट परत फुकटची: टिश्यू पेपरचा लहान तुकडा जाळीला लावायचा. खेचून धरला तर पंखा चालू, पडला तर बंद. पडला. जाळी काढली तर मागे वर्षानुवर्षांचा कापसासारखा मळ, छताच्या कापडाखालचा कुजलेला फोम त्यात मिसळलेला (या वयाच्या गाड्यांचा फोम भुगा होऊन पडतोच), आणि पंख्याची मोटर त्यात जाम. साफ करून, शाफ्टला बारीक थेंबभर तेल देऊन ती चालू झाली, किंचित कुरकुर करते पण टिश्यू धरते. त्यानंतर चाक मधे ठेवून गाडी चालवली तर थोड्या वेळाने व्हॉल्व्ह टिकटिक करायला लागला आणि व्हेंटची हवा बर्फासारखी न येता नुसती गार यायला लागली.

म्हणजे बिघाड दोन होते आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकलं होतं. उजवा व्हॉल्व्ह उघडा अडकल्यामुळे गाडी एकूणच कमी थंड होती, त्यामुळे सेन्सर खोटं बोलतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता काकांच्या "असंच राहू दे" वाला तो जुगाड. हीटरचे दोन पाइप काढून बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडायचे, म्हणजे हीटरमध्ये पाणीच नाही, एसी मस्त. जुन्या जर्मन गाड्यांवर हे सर्रास करतात आणि उन्हाळाभर मालक दुवा देतो. माझं मत विचाराल तर टेस्ट म्हणून पाइप दाबणं उत्तम, घरी पोचायला एक दिवस चालवून घेणंही ठीक, पण कायमचं नको. पावसाळ्यात काच साफ करायला उबदार हवा मिळत नाही, आणि तापमान सांभाळायचं एकमेव साधन काढून टाकल्यावर दोन्ही चाकं शोभेची राहतात. वर पुढचा मेकॅनिक बाहेर जोडलेला पाइप बघून गोंधळतो तो वेगळाच.

हीच गाडी नसेल, झडपवाली दुसरी जुनी सेमी-ऑटोमॅटिक गाडी असेल, तरी विचार करायची पद्धत तीच, फक्त संशयित बदलतो. व्हॉल्व्हऐवजी झडप फिरवणारी छोटी मोटर, आणि तिचा प्लास्टिकचा गिअर तुटला की डॅशबोर्डमधून टकटकटक आवाज येतो. तिथे पाइप दाबून बघायची टेस्ट तितकीच चालते: हीटरचं पाणी बंद केल्यावर व्हेंट गार झाला तर दोष झडपेचा, नाही झाला तर गेज काढा.

एक काम बाकी आहे. इंजिन आयडलला असताना गरम पाणी फिरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंप या गाडीत आहे, त्याच्या शाफ्टजवळ हिरवट ओल दिसली. पाणी आत मोटरपर्यंत पोचलं की पंप जाम होतो, जाम पंप भरमसाट करंट खेचतो आणि सोबत कंट्रोल पॅनेलचा बळी घ्यायची शक्यता असते. तूर्तास त्याचा प्लग काढून टेप लावून ठेवलाय, पुण्यात आयडलवर हीटरची गरज नाही, पार्ट आला की बसवू. उजवं चाक काकांनी निळ्या टोकाला ठेवलंय ते तिथून हलवत नाहीत, डावं मात्र आता पूर्णपणे काकूंच्या ताब्यात आहे.